दुपारची एक रिंग

त्या संध्याकाळी हे घरी आले आणि चपला काढायच्या आधीच माझ्या लक्षात आलं, यांच्या कमरेचा पट्टा मोकळा होता.

"फोन कुठाय?"

"विकला," असं म्हणत हे मोरीत पाय धुवायला गेले. वाईट बातमी द्यायची ती पाठमोरं होऊन, ही यांची जुनी रीत.

आमचे हे म्हणजे अरविंद लोळगे. श्रीरामपुरात यांना सगळे एजंट म्हणून ओळखायचे. कशाचे एजंट, ते त्या त्या महिन्यावर असायचं. कधी प्लॉट, कधी विमा, कधी जुन्या मोटारसायकली, मध्ये एकदा गांडूळखतसुद्धा. व्यवहाराच्या मधोमध हे उभे आणि पैसे मात्र दोन्ही काठांना, असं एकूण चालायचं. एका कंपनीनं गावात हप्त्यावर मोबाईल आणले, तेव्हा यांनी पहिल्याच आठवड्यात घेतला. त्या फोनला कार्ड नव्हतं. नंबर फोनच्या पोटातच. धंद्याला लागतो म्हणाले होते, पण धंद्यापेक्षा तो पट्ट्यालाच जास्त लागला.

मी घरात पिको-फॉलचं काम करायची. बोरा काकूंच्या माडीवर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन. बायका साडी टाकायला यायच्या आणि साडीसोबत घरचं सगळं टाकून जायच्या. त्यामुळे माणसाचं तोंड एक सांगत असलं तरी त्याचा हिशेब काय सांगतो, ते बघायची मला खोड लागलेली.

"आणि बिल?"

"राहिलंय थोडं."

यांच्या 'थोडं'ला मी मनातल्या मनात तिनानं गुणते. "घेणाऱ्याला सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हटलं, सगळं क्लिअर आहे."

"अहो."

"अगं, ऐक तर. आठवड्याभरात कंपनी लाईन कापणार. मग त्याच्या हातात नुसतं डबडं. मला कुठं शोधणार तो? मी नाव सांगितलंच नाही."

"कंपनीकडे आहे ना तुमचं नाव."

यावर यांनी टॉवेल फार वेळ तोंडावर धरला.

मग मी एकेक विचारून काढलं. घेणारा एक पोरगा होता, संगमनेरच्या स्टँडवर भेटलेला. अंगात डेअरीचा निळा शर्ट, खिशावर डेअरीचं नाव. ते नाव यांनी मला सांगितलं, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"घासाघीस किती केली?"

"तेच तर! दोन हजार म्हटलं, दिले दोन हजार. मी तर बाराशेला द्यायच्या तयारीत होतो."

"एकटा होता?"

"लांब बाकावर कुणीतरी तोंड बांधून बसलेलं. त्याच्यासोबतच असेल."

"काही विचारलं त्यानं?"

"एवढंच, की साहेब, हा कुणाच्या नावावर आहे? म्हटलं, नाव बदलायची काही भानगड करू नकोस, राहू दे तसंच. तर खूश झाला."

मला ते खूश होणं आवडलं नाही. बाजारात घासाघीस न करणारा माणूस एकतर लक्षाधीश असतो, नाहीतर घाबरलेला. आणि लक्षाधीश डेअरीच्या शर्टात फिरत नाहीत.

पुढच्या महिन्यात पोस्टमननं कंपनीचं पाकीट टाकलं. यांनी ते उघडलंच नाही, देवघरामागे सरकवलं. तिथे यांची बरीच पाकिटं देवाच्या भरवशावर पडलेली असायची. मी उघडलं. मागील बाकी, शून्य.

मी ते यांच्यापुढे धरलं. हे आधी हसले. "भरलं की काय त्यानं? बावळट आहे."

"तुमचं बिल भरलंय त्यानं."

"हो ना."

"का?"

यांचं हसू हळूहळू उतरलं. कारण हे कितीही घोळ घालत असले तरी एक गोष्ट यांना पक्की ठाऊक होती. फुकटात कुणी कुणाची बाकी फेडत नाही. फेडली, तर त्याला त्या नावाची गरज असते. आणि नाव यांचं होतं.

त्याच दिवसांत पेपरात बातमी आली. कुठल्याशा व्यापाऱ्याला खंडणीसाठी फोन आले, आणि पोलिसांनी पहिला उचलला तो ज्याच्या नावावर फोन होता तो. हा माणूस रिक्षा चालवायचा आणि फोन त्यानं कधीच विकून टाकला होता. हे तो सांगत होता, पण पोलीस चौकीत बसून. यांनी ती बातमी वाचली, घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

नंतरचं बिल आलं, तेही आधीचं सगळं भरलेलं. फक्त या वेळी मी नीट पाहिलं. महिन्याचं भाडं तेवढं लागलं होतं. बोलण्याचा एक पैसा नाही. महिनाभर फोन बाळगायचा, भाडं भरायचं आणि कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही?

"बाँब," हे म्हणाले. "मोबाईल जोडून बाँब उडवतात. वाचलंय मी."

"महिना महिना भाडं भरून?"

"मग तू सांग काय ते."

मला सांगता येत नव्हतं, म्हणून मलाही भीती वाटायला लागली. जिन्यात पाऊल वाजलं की मशीनचा पाय आपोआप थांबायचा. हे स्टँडकडून यायचे ते पोलीस स्टेशनचा रस्ता टाळून, साखर कारखान्याच्या बाजूनं वळसा घालून. एकदा धीर करून कंपनीच्या गाळ्यात गेले, फोन बंद करा म्हणाले. तिथला मुलगा म्हणाला, "हँडसेट आणा साहेब. नंबर हँडसेटमध्येच असतो." हे परत आले ते अर्धे होऊन.

शेवटी मी ठरवलं, बघू तरी कोण आहे. आमचा घरचा सरकारी फोन होता, पण त्याचंही बिल थकलेलं. बाहेरून आलेला फोन घेता यायचा, आपल्याला लावता यायचा नाही. म्हणून चौकातल्या पिवळ्या बूथवर गेले, दार ओढून घेतलं आणि यांचाच नंबर फिरवला.

बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. बोललं कुणी नाही.

"हॅलो," मी म्हणाले. "कोण बोलतंय?"

श्वास ऐकू येत होता. आणि फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतल्यासारखा एक आवाज आला. तो आवाज मी जन्मभर ओळखते. काचेच्या बांगड्या. एक-दोन नव्हेत, मनगटभर चुडा. रोजच्या बाईच्या हातात वर्षभरानं उरतात त्या चार बांगड्यांचा आवाज वेगळा असतो आणि नुकत्याच भरलेल्या हिरव्या चुड्याचा वेगळा.

फोन बंद झाला.

मी घरी येऊन यांना सांगितलं, कुणी उचलला नाही. खोटं का बोलले कोण जाणे. यांच्या पोटात काही राहत नाही, हे एक. आणि दुसरं असं, की मला तेव्हा कळलं होतं, पण पुरतं नव्हतं.

पुरतं कळलं, ते दोन परके पुरुष दारात आले तेव्हा.

दुपारची वेळ होती. हे आतल्या खोलीत वामकुक्षीला. खाली जीप थांबल्याचा आवाज आला आणि मी खिडकीतून पाहिलं. पांढरी जीप, धुळीनं भरलेली. मागच्या बाकावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. ऊसतोडीच्या दिवसांत असे गोणपाटातले कोयते कुठेही दिसतात. पण तेव्हा कारखाना बंद होता.

एक तरणा, दाट मिशांचा. दुसरा वयस्कर, धोतर-टोपीतला, जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबणारा. दारात येऊन त्यानं हात जोडले.

"अरविंद लोळगे इथंच राहत्यात का, ताई?"

"हो."

"पाणी मिळंल का?"

मी पाणी दिलं. म्हातारा तांब्या उंच धरून सावकाश प्यायला. तरणा उभाच. त्याचे डोळे खोलीभर फिरत होते. मशीन, साड्यांचा गठ्ठा, पलंगाखालची ट्रंक.

"हा माझा भाचा," म्हातारा म्हणाला. "मी मामा. पलीकडच्या तालुक्यातले आम्ही. एक नंबर हाय, तुमच्या मालकांच्या नावावर. कंपनीच्या पोरानं पत्ता दिला. भला पोरगा."

आतून हे उठून बाहेर आले होते. गंजीवर, केस विस्कटलेले. नंबर हा शब्द ऐकून यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला.

"कसला नंबर?" मी विचारलं.

भाच्यानं खिशातून कागद न काढता नंबर म्हणून दाखवला. पाठ केला होता. "ह्या नंबरवरून आमच्या घरी रोज दुपारी रिंग येती. एकच. उचलायच्या आत बंद. आम्ही रानात असतो तवा. आईला विचारलं तर म्हणती, मला नाय माहीत. पण दुपार झाली की फोनपाशी बसायची. ती रिंग आल्याबिगर जेवायची नाय. मग मी नंबर दाखवायचा डबा आणून जोडला."

"बहीण हाय ह्याची," मामा म्हणाला. "घरातून गेली. कुणासंगं गेली ते नाव मी तोंडानं घेत नाय."

"मग पोलिसांत..."

"घरचं घरात बघायचं आसतंय, ताई."

"सापडली तर?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायला फार कष्ट पडले.

भाच्यानं खिडकीतून खाली जीपकडे पाहिलं. मामानं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं. "सापडली तर घिऊन जाऊ. जीप आणलीय."

यांनी घसा खाकरला. मी यांना ओळखत होते. यांच्या डोळ्यांत आता सुटका दिसत होती. पोलीस नाहीत, बाँब नाही, खंडणी नाही. खरं सांगितलं की आपण मोकळे. संगमनेरचं स्टँड, निळा शर्ट, खिशावरचं नाव. एक वाक्य, आणि जीप आमच्या दारातून निघून जाणार होती. ती कुठे जाणार, हे यांच्या ध्यानातच येत नव्हतं.

"त्याचं असं झालं," हे म्हणाले, "तो फोन मी..."

"तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. "तुमच्यामुळेच ही वेळ आलीय. दारात परकी माणसं आलीत, अंगात शर्ट घालायची शुद्ध आहे का? आधी आत जाऊन शर्ट घाला."

हे चकित होऊन आत गेले. नवऱ्याला झापणाऱ्या बाईच्या मध्ये परका पुरुष बोलत नाही. ते दोघंही क्षणभर ओशाळले. पण भाच्यानं लगेच स्वतःचा मोबाईल काढला.

"बोलाचाली कशाला," तो म्हणाला. "लावूनच बघतो."

आणि त्यानं नंबर दाबायला सुरुवात केली.

माझ्या हातात एका साडीचा काठ होता, तो मी तसाच धरून राहिले. आता पलीकडे वाजणार. ती उचलणार, मी लावला तेव्हा उचलला होता तसाच. भावाचा आवाज ऐकून तिच्या तोंडून काही निघालं तर? आणि नाही उचलला, तरी या घरात तो वाजला नाही हे दोघांनाही ऐकू येणार. मशीनची सुई अर्ध्यात रुतून उभी होती, मी तिच्याकडे बघत राहिले.

भाच्यानं फोन कानाला लावला. ऐकलं. भुवया जुळल्या. मग तो फोन त्यानं माझ्या कानाशी धरला. एक बाई गोड आवाजात सांगत होती, या क्रमांकाची सेवा बिल न भरल्यामुळे तात्पुरती बंद करण्यात आली आहे.

"तरीच," भाचा म्हणाला. "चार-पाच दिवस झालं रिंग आली नाय. आई तवापासनं धड जेवली बी नाय."

माझ्या डोक्यात एकदम दोन गोष्टी आल्या. पहिली, की आपण वाचलो. दुसरी, की इतके दिवस ज्यांनी बिल चुकवलं नाही, त्यांना या वेळी काय झालं? दुसरी मी तिथेच दाबली.

"मग काय होणार?" मी म्हणाले. "बिलं भरतंय कोण? ह्यांनी फोन घेतला हप्त्यानं, आणि परवा कंपनीचा माणूस येऊन उचलून घेऊन गेला. त्याच्या आधीच लाईन कापली होती. विचारा खाली बोरा काकूंना, आमची काय कीर्ती आहे ती."

"आन् रिंग?" मामानं विचारलं. तो मऊ बोलायचा. मला भाच्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती. "रिंग कोण द्यायचं?"

"मी."

"आमच्या घरी?"

"तुमच्या घरी कशाला देऊ? माझी बहीण आहे राहुरीला. तिला द्यायची. ह्यांनीच फोनमध्ये तिचा नंबर भरून दिला होता, आकडा चुकवला असणार. ह्यांचा कुठला आकडा बरोबर असतो? आणि रिंग उचलायचीच नसते, मग चूक कळणार कशी?"

"रोज रिंग कशापायी?"

इथे मी अडले. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला स्वतःलाच कळलं, की ती पोरगी त्या फोनचं काय करत होती.

"मी जिती आहे, हे तिला कळावं म्हणून."

मामा माझ्याकडे बघत राहिला.

"हे पितात," मी खाली मान घालून म्हणाले. "मग हात उचलतात. बहिणीला काळजी लागते. तिला सांगितलंय, दुपारी एक रिंग आली की समज, आज मी बरी आहे. बोलायला पैसे पडतात, रिंगेला पडत नाहीत."

आतल्या दारात हे शर्टाची बटणं लावत उभे होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात झुरळ मारलं नाही, मला बोलावून माझ्याकडून मारवलं, तो तिथे उभा राहून हे ऐकत होता. चहाखेरीज जो काही प्यायला नाही, तो.

मामा हळूच यांच्याकडे वळला. वरपासून खालपर्यंत पाहिलं. बारीक मनगटं, पुढे आलेलं पोट, चुकीच्या काजात गेलेलं बटण.

"मारतोस का रे बायकोला?"

मी यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझा चेहरा वाचला गेला असता. यांनी नाही म्हटलं की संपलं. आणि यांना नाही म्हणायची किती घाई झाली असेल, ते मला ठाऊक होतं. श्रीरामपुरात यांची पत नव्हती, पैसा नव्हता. होतं ते एवढंच, की लोळगे गरीब माणूस आहे, बायकोला फुलासारखं ठेवतो, असं लोक म्हणायचे.

"कधी कधी," हे म्हणाले.

आवाज फाटलेला होता. मामानं तो लाजेचा धरला.

"बाईमाणूस हाय," तो म्हणाला. "जपून हात टाकावा." आणि टोपी नीट करून उठला.

भाच्याचं समाधान झालं नव्हतं. जाताना त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या समासात एक नंबर लिहिला. "आमच्या घरचा. कुणी विचारीत आलं, कुठल्या पोरीचा फोन आला, तर इथं कळवा. सांजच्याला करा. दुपारी आम्ही नसतो."

जिन्याखाली त्यांनी बोरा काकूंना गाठलंच. काकूंचा आवाज वरपर्यंत आला. "लोळगे? अहो, माझं भाडं थकवलंय मेल्यानं. वाण्याचं थकवलंय, दूधवाल्याचं थकवलंय. फोनचं कसलं भरतोय?" काकू आमच्याबद्दल कायमच हे बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते गोड लागलं.

जीप गेली. मी खिडकीशी उभी राहिले, धूळ बसेपर्यंत. मागे वळले तर हे पलंगाच्या कडेवर बसलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते.

"मी कधी तुला..." हे म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग?"

मी यांना चुड्याचं सांगितलं. बाकावर तोंड बांधून बसलेलं कोण होतं ते सांगितलं. गोणपाटाचंही सांगितलं. यांनी चुकीच्या काजातलं बटण काढून नीट लावलं. मग म्हणाले, "मी डेअरीचं नाव सांगणारच होतो गं."

"हो."

"तोंडाशी आलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी पिकोच्या डब्यातले पैसे घेऊन कंपनीच्या गाळ्यात गेले आणि थकलेलं बिल भरलं. पावतीवर नाव अरविंद लोळगे. गाळ्यातला तो भला पोरगा म्हणाला, "बंद करायचा होता ना, काकू?" मी म्हटलं, "राहू दे. लागतो."

लाईन सुरू व्हायला संध्याकाळ झाली. मी त्याच बूथवर गेले. पुन्हा श्वास, पुन्हा बांगड्या. माझ्या जिवात जीव आला.

"काही बोलू नकोस," मी म्हणाले, "नुसतं ऐक. तुझ्या घरी नंबर दाखवणारा डबा बसवलाय. आईला रिंग देऊ नकोस. तुझा भाऊ आणि मामा काल आमच्याकडे येऊन गेले. त्यांना काही कळलेलं नाही, कळणार नाही. पण आईला रिंग देऊ नकोस."

पलीकडे हुंदका दाबल्यासारखं झालं. फोन बंद.

बूथचं दार ढकलून मी बाहेर आले, तर हे समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभे. पाठोपाठ आले होते. "काय म्हणाली?" एवढंच विचारलं.

त्यानंतरच्या दुपारी मी मशीनवर होते. घरचा फोन वाजला. एकदा. मी हात पुसून उठेपर्यंत बंद.

आमच्याकडे नंबर दाखवणारा डबा नव्हता. पण मी फोनपाशी उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले. संध्याकाळी यांना विचारलं, "विकताना त्या फोनमधले नंबर पुसले होते का?"

"मला कुठे येतंय पुसायला? आणि होता एकच. घर म्हणून."

तिनं तो शोधला होता. आईला देता येईना, तर घर लिहिलं होतं तिथे दिली.

आता माझ्यापुढे खरा पेच होता. तिची रिंग माझ्याकडे येत होती, आणि पलीकडच्या तालुक्यात एक बाई ताट पुढे घेऊन फोनकडे बघत बसलेली. तिचा नंबर माझ्या कॅलेंडरवर होता, तिच्याच मुलानं लिहिलेला. पण श्रीरामपुरातून रिंग गेली, तर डब्यावर श्रीरामपूरचा नंबर उमटणार आणि जीप पुन्हा दारात येणार.

"मी फिरतीवर असतोच की," हे एके रात्री अंधारात म्हणाले. मी समजले होते की हे झोपलेत. "आज नगर, उद्या मनमाड. दुपारी कुठल्यातरी बूथवरून एक रिंग दिली तर काय बिघडतं? त्यांना कळणार कसं कोण देतंय ते?"

यांच्या आयुष्यातली ही पहिली योजना, जिच्यात मला खोट काढता आली नाही.

मग तसंच चाललं. आज आलेली रिंग हे उद्या पोचती करायचे. नगर, मनमाड, वैजापूर, एकदा तर नाशिक. भाच्यानं ते नंबर पाहिले असणारच. त्याची जीप कुठे कुठे धावली आणि किती डिझेल जळलं, हे मला कुणी सांगितलं नाही. भीती गेली नव्हती. दर वेळी हे परत येईपर्यंत माझी सुई एकाच जागी टाके घालायची. फोनचं बिल मात्र नंतर कधी थकलं नाही. त्या एका महिन्यात त्या दोघांवर काय गुदरलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

वर्ष होत आलं. एका दुपारी फोन वाजला, थांबला. मी आलेल्या रिंगेचं रोजचं टिंब कॅलेंडरवर करायला वळले, तोच पुन्हा वाजला. आणि थांबला.

दोनदा कधीच वाजला नव्हता. गाठलं की काय त्यांनी? मी फोनकडे बघत खाली बसले. पण घाबरलेल्या माणसाच्या दोन रिंगांमध्ये इतकं अंतर नसतं. मध्ये कुणीतरी थांबलं होतं. मग मी हिरव्या चुड्यापासून महिने मोजले, बोटांवर. बायकांचा हा हिशेब चुकत नाही.

संध्याकाळी यांना म्हणाले, "उद्या मी येते तुमच्याबरोबर."

आम्ही येवल्याला गेलो, जरीचा दोरा आणायच्या निमित्तानं. स्टँडासमोरच्या बूथवर मी नंबर फिरवला. हे दाराशी उभे, रस्त्याकडे तोंड करून. एक रिंग दिली, ठेवला. थोडी थांबले. पुन्हा फिरवला. दुसऱ्या वेळी मी ठेवायच्या आत तिकडून कुणीतरी उचलला.

भाचा घरी असेल तर? ठेवावा म्हणून हात हलला, तेवढ्यात एक बाईचा आवाज आला, हळू, पदर तोंडाशी धरल्यासारखा.

"सुटली का?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"बाळंतीण बरी हाय ना?"

"हो," मी म्हणाले.

मला कुठे माहीत होतं? पण मी हो म्हणाले. पलीकडे जमिनीवरून ताट पुढे ओढल्याचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला.

बूथवाल्याच्या मीटरवर एक रुपया पडला होता. मी पिशवीत हात घातला, पण यांनी आधीच नाणी काढून त्याच्यापुढे ठेवली होती. दोन.

"एकच झाला, साहेब," बूथवाला म्हणाला. "मिस कॉलचे पैसे नसतात."

"असू दे," हे म्हणाले. "तोही धरा."